बारा लोकलगाड्यांत मावणारा मुलूख

दादरा-नगर हवेलीतल्या गलोंडा या गावाचा हिशेब मांडू या. १७७९च्या तहात पेशव्यांनी पोर्तुगीजांना वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाची गावं देऊ केली आणि १७८३मध्ये नगर हवेली त्यांच्या ताब्यात गेली. गावं ७२. म्हणजे सरासरीनं गलोंड्याच्या नावावर वर्षाचे साधारण १६६ रुपये! महिन्याला पुरते चौदाही नाहीत! याच दरानं १९५४पर्यंतची १७१ वर्षं मोजा. साऱ्या मुलखाची बेरीज २० लाख ५२ हजार. तेवढ्यात आज मुंबईत एक बरी खोली मिळायची मारामार.

मुलूख तरी केवढा? ४९१ चौरस किलोमीटर. मुंबई-पुण्याच्या दीडशे किलोमीटर वाटेवर अंथरला तर पट्टी जेमतेम सव्वातीन किलोमीटर रुंद! १९६१च्या जनगणनेत माणसं ५७,९६३. गर्दीच्या लोकलमध्ये पाच हजार माणसं धरली, तर बारा गाड्यांत अख्खा मुलूख चढला, उतरला, संपला!

आणि आता पाहा काय झालं. १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी, त्यांत आपले सुधीर फडकेही होते, हा मुलूख सोडवला. भारतात विलीन होईपर्यंत कारभार पाहिला वरिष्ठ पंचायतीनं. पंचायतीनं! ११ ऑगस्ट १९५४ला शेवटची पोर्तुगीज तुकडी शरण आली, तिथून विलीनीकरणापर्यंत २,५५७ दिवस. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत थोर वाटतात ते हेच दिवस.

मधल्या काळात पोर्तुगालनं १९५५मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. हेग या मुलखापासून सुमारे ६,८०० किलोमीटर. मुंबई-पुणे पंचेचाळीस वेळा! बारा गाड्यांच्या मुलखासाठी तिथं चार वर्षांहून अधिक काळ खटला चालला. १२ एप्रिल १९६०ला निकाल लागला: पोर्तुगालला या मुलखाकडे सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं नेण्याचा हक्क नाही.

मग आला ऑगस्ट १९६१. विलीनीकरणाच्या करारावर सही करायला हवेलीचा प्रमुख हवा, म्हणून सनदी अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरतं पंतप्रधान केलं. एकीकडे ५७,९६३ माणसांचे पंतप्रधान, दुसरीकडे जवळपास ४४ कोटींचे पंतप्रधान नेहरू. साडेसात हजार पटींचा फरक, आणि कराराच्या कागदावर दोघांची सही सारख्याच मोलाची!