‘लाइकली’ : एका शब्दाचे वजन



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत ते इंग्रजी शिकवीत. मी जन्मभर मराठी शिकवली. म्हणून दोघांच्याही वर्गात अडखळायला लावणारा एक इंग्रजी शब्द मी आज विषय म्हणून घेतला आहे. तो शब्द ‘लाइकली’.

हा शब्द मला महाग पडलेला आहे. २००६च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी सुरतेत शिरली आणि शहराचा बहुतांश भाग बुडाला. त्याआधी आमच्या वसाहतीत कोणी सांगून गेले की पाणी येण्याची शक्यता आहे. मी शब्दार्थ शिकवणारा मनुष्य. मी लगेच अर्थ लावला, शक्यता आहे, म्हणजे येईलच असे नाही! तळमजल्यावरच्या कपाटाच्या खालच्या दोन फळ्या तशाच राहू दिल्या. प्रबंधाच्या वेळी केलेल्या टिपणांच्या चिठ्ठ्या तिथे होत्या. चिखलातून त्या निघाल्या तेव्हा त्यांवर शाई उरली नव्हती.

निरोप आणणाऱ्याचा यात दोष नव्हता. इंग्रजीतील ‘पॉसिबल’ आणि ‘लाइकली’ या दोहोंसाठी आपण सर्रास ‘शक्यता’ हा एकच शब्द वापरतो. ‘पॉसिबल’ म्हणजे जे घडण्यास अडथळा नाही. सुरतेत गारा पडणे पॉसिबल आहे. ‘लाइकली’ म्हणजे जे घडण्याकडे कल दिसतो. पहिल्या शब्दावर मनुष्य स्वस्थ बसतो, दुसऱ्यावर त्याने उठून सामान वर न्यायचे असते. एकाच भाषांतरात दोन्ही कोंबले की ऐकणारा आपल्या सोयीचा अर्थ उचलतो. मी तेच केले.

‘लाइकली’च्या पोटात ‘लाइक’, म्हणजे ‘सारखा’, हा शब्द आहे. जे खऱ्यासारखे दिसते ते लाइकली. ‘प्रॉबेबल’चे घराणे वेगळे, तो लॅटिनमधून आला आणि पारखणे, मान्य करणे या अर्थाच्या धातूशी त्याचे नाते आहे. आता गंमत पाहा. आपली आजी आभाळाकडे पाहून म्हणे, ‘पाऊस येईलसा दिसतो.’ या ‘येईलसा’मधला ‘सा’ सादृश्यच दाखवतो! ‘लाइकली’ला याहून जवळचा प्रतिशब्द मला सापडलेला नाही, पण परिपत्रकांत त्याला प्रवेश नाही, कारण तो घरगुती वाटतो.

उलट संस्कृतातून घेतलेले आपले भारदस्त शब्द वाटेत अर्थ बदलून आलेले आहेत. ‘कदाचित’ म्हणजे मुळात ‘कधीतरी’. ‘बहुधा’ म्हणजे ‘अनेक प्रकारे’. ‘संभव’ म्हणजे जन्म. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त संभाव्यतेचा काही संबंध नाही. मराठीत आल्यावर ‘बहुधा’ निम्म्याच्या वर गेला आणि ‘कदाचित’ खाली राहिला. ‘कदाचित येईल’ म्हणणाऱ्यासाठी आपण भात टाकत नाही. ‘बहुधा येईल’ म्हणणाऱ्यासाठी टाकतो. आमच्या सुरतेतल्या मुलांना हे गुजरातीच्या आधाराने चटकन समजे : ‘कदाच’ आणि ‘घणुं करीने’. या दुसऱ्याचा सख्खा भाऊ ‘बहुतकरून’ मराठीत आहे, पण तो आता क्वचितच ऐकू येतो.

आणि क्रियापद! मराठीने संभाव्यतेचे माप क्रियापदातच ठेवले आहे. शाळेच्या कार्यालयात दिवा दिसला तर आपण म्हणतो, ‘गुरुजी आत असावेत.’ दिवा न पाहता, केवळ सवयीवरून म्हणतो, ‘गुरुजी आत असतील.’ पहिल्यात पुरावा पाहून काढलेले अनुमान आहे, दुसऱ्यात अंदाज. ही सीमारेषा बोलण्यात पुष्कळदा पुसली जाते, हे मान्य. तरी कान तयार असेल तर फरक जाणवतो. इंग्रजीला येथे वेगळा शब्द जोडावा लागतो. दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, ते पुढे याच सुरतेत शिक्षक होते. १८४४ मध्ये येथे स्थापन झालेल्या मानवधर्म सभेत त्यांचा पुढाकार होता. मराठी व्याकरणाचा विषय या गावाला परका नाही, एवढ्याचसाठी हे सांगितले.

इंग्रजीत तरी या शब्दाचे वजन ठरलेले आहे काय? नाही. अमेरिकेच्या गुप्तवार्ता विभागातील शर्मन केंट यांनी १९६४ मध्ये यावर निबंध लिहिला. युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे, असे १९५१च्या एका अहवालात म्हटले होते. तो तयार करणाऱ्या सहकाऱ्यांनाच त्यांनी त्याचा अर्थ विचारला, तेव्हा उत्तरे शेकडा २० पासून ८० पर्यंत आली! सर्वांनी एकाच मसुद्याला संमती दिलेली होती. पुढे शास्त्रज्ञांनी आकडे बांधून दिले, पण तेही एकसारखे नाहीत. हवामानबदलावरील आंतरराष्ट्रीय मंडळाच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे शेकडा ६६ किंवा अधिक. आपल्या भारतीय हवामान विभागाच्या पत्रकांत तोच शब्द २५ ते ५० टक्क्यांसाठी येतो. ५० ते ७५ साठी ‘व्हेरी लाइकली’ आणि त्यापुढे ‘मोस्ट लाइकली’. शब्द एकच, पण एका दप्तरात तो निम्म्याच्या वर आणि दुसऱ्यात निम्म्याच्या खाली.

या शब्दाच्या आणखी दोन छटा. होतकरू मुलालाही इंग्रज ‘लाइकली’ म्हणतो. आणि थापेबाजाचे ऐकून घेऊन तो ‘अ लाइकली स्टोरी’ म्हणतो तेव्हा अर्थ नेमका उलटा असतो. तेथे आपले ‘म्हणे’ पुरते : वह्या पुरात गेल्या म्हणे!

भाषांतर करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी आता एवढेच सुचवतो. ‘पॉसिबल’साठी ‘शक्य’ ठेवा, ‘लाइकली’साठी ‘संभव’ किंवा ‘बहुधा’ घ्या, आणि मूळ पत्रकात आकडा असेल तर तो गाळू नका. घरातली माणसे मात्र अजूनही माझे ऐकत नाहीत. पावसाळा लागला, की ‘शक्यता’ या शब्दाची वाटही न पाहता माझी नात खालच्या फळ्यांवरची पुस्तके माळ्यावर नेऊन ठेवते.