दाखला मंडळाचा, निवड आईबापांची

आषाढवारीत नीरा ओलांडून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंदास मुक्कामाला येते, त्या वेळी दिंड्यांच्या राहुट्यांतून आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारेजण मांडीला मांडी लावून एकच कीर्तन ऐकत असतात. ऐकणाऱ्याचे वय तेथे कोणी विचारीत नाही. सिनेमाच्या करमणुकीचेही या भागात पुष्कळ काळ असेच होते. सातारा जिल्ह्यातील यात्रांतून तंबू ठोकून चित्रपट दाखवीत, आणि एखादा प्रसंग नकोसा वाटला तर आई पदर पुढे करी वा आजोबा मोठ्याने खाकरत. सर्वांच्या डोळ्यांसमोर बसण्याचा संकोच हीच त्या काळची खरी चाळणी होय. आता तो तंबू आखडून प्रत्येकाच्या खिशात मावेल एवढा झाला आहे, आणि खाकरणारे आजोबा दुसऱ्या खोलीत असतात.

लोणंदच्या बाजारातील एखाद्या कांदा-व्यापाऱ्याचे घर डोळ्यांसमोर आणावे. घरात वृद्ध आई, नववीतील मुलगा आणि दुसरीतील मुलगी. रविवारी दोन घटका सर्वांनी मिळून काही पाहावे, एवढीच त्या गृहस्थाची इच्छा. पडद्यावर नावे शेकडो. पण निवडता निवडता अर्धा तास जातो. अखेर मुलगा मोबाइल घेऊन माडीवर जातो, आजी आपली मालिका लावते आणि दोन घटकांचा बेत तसाच राहतो. अशा गृहस्थास सरकारी दाखल्याचा कितपत उपयोग होईल?

चित्रपटांची तपासणी आपल्याकडे १९१८ च्या कायद्यापासून सुरू झाली. १९२७ साली नेमलेल्या रंगाचारियर समितीने देशभर साक्षी घेऊन पुढील वर्षी अहवाल दिला. म्हणजे सिनेमाविषयीची ही काळजी आजची नव्हे. स्वातंत्र्यानंतर १९५२ चा कायदा आला. सर्वांसाठी 'यू' आणि केवळ प्रौढांसाठी 'ए' अशा दोन वर्गांत १९८३ साली 'यूए' या मधल्या वर्गाची भर पडली. मात्र सात वर्षांचे मूल व सोळा वर्षांचा मुलगा यांना एकाच मापाने मोजणारा हा वर्ग फार ढोबळ होता. २०२३ च्या दुरुस्तीने आणि २०२४ च्या नियमांनी त्याचे 'यूए ७+', 'यूए १३+' आणि 'यूए १६+' असे तीन भाग केले. आकड्याचा अर्थ इतकाच की, त्याहून लहान मुलास चित्रपट दाखवावा की नाही याचा विचार पालकांनी करावा. 'ए' चित्रपटाच्या दारातून अठरा वर्षांखालील मुलास परत पाठविता येते. 'यूए' चा आकडा मात्र चित्रगृहाच्या दारवानाने अमलात आणावयाचा नसून तो केवळ आईबापांसाठी आहे. पुष्कळ पालकांना हे ठाऊक नसते. 'आत सोडले, म्हणजे चालत असेल', असा समज करून घेऊन ते निश्चिंतपणे खुर्चीत बसतात.

घरच्या पडद्याची तऱ्हा आणखी निराळी. प्रौढांसाठीचा चित्रपट काटछाट करून नवा दाखला घेतल्यावाचून दूरचित्रवाणीवर दाखविता येत नाही. परंतु तोच चित्रपट इंटरनेटवरील सेवेत मूळ रूपात असू शकतो. तेव्हा 'आम्ही टीव्हीवर पाहिला होता, काही वावगे नव्हते', या शेजाऱ्याच्या ग्वाहीवर फार विसंबू नये. या इंटरनेट-सेवांना २०२१ च्या नियमांनी असेच वयोगट लावावयास सांगितले असून, तेरा वर्षांवरील व त्यापुढील वर्गांच्या कार्यक्रमांस कुलूप घालण्याची सोय ठेवणेही बंधनकारक केले आहे. ते कुलूप जरूर लावावे. दुर्दैव एवढेच की, ते कसे लावावयाचे हे बहुतेक घरांत मुलालाच विचारावे लागते! शिवाय यूट्यूबवर कोणीही चढविलेली चित्रफीत मंडळाच्या दारावरून जातच नाही. दैनंदिन मालिकांनाही असा आगाऊ दाखला लागत नाही. आणि ज्यांत सुना एकमेकींच्या दुधात विष कालवितात त्या मालिका 'घरगुती' म्हणून मुलांच्या जेवणाच्या वेळी खुशाल चालू असतात.

दाखला हा मुख्यतः आक्षेपार्ह काय आहे ते मोजतो. मुलाच्या मनाला काय पेलेल, ते त्याला मोजता येत नाही. संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४) पाहावा. राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळविणाऱ्या या चित्रपटात शिवी नाही, मारामारी नाही. नातवाचे प्राण वाचावेत म्हणून त्याची दृष्टी जाणार, हे आजोबांना कळते आणि शस्त्रक्रियेपूर्वी ते त्याला बाहेरचे जग दाखवावयास नेतात, एवढीच कथा. नववीतील मुलास ती फार काही देऊन जाईल. तीच पाहून दुसरीतील मुलगी रात्री दिवा मालवू देणार नाही, असेही होईल. १९५३ च्या 'श्यामची आई'बद्दलही आजीचा अनुभव असाच असावयाचा. आईचे मरण पाहून कोणते मूल सुखाने झोपले आहे?

म्हणून घरातील एकाने चित्रपट आधी पाहून ठेवणे, याला दुसरा पर्याय दिसत नाही. मंडळीही दर वेळी तीच असावी असे नाही. 'श्वास' मुलाबरोबर, धाकटी निजल्यावर पाहिला तरी चालेल. सर्वांनी मिळून पाहावयाचा तर परेश मोकाशी यांचा 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) घ्यावा. तो पंढरपूरचा आहे, आणि ज्यांच्या दारावरून दरसाल पालखी जाते त्या लोणंदकरांना त्यातले वातावरण परके वाटणार नाही. सायकल विकली जाऊ नये म्हणून मुले आईच्या नकळत यात्रेत बांगड्या विकतात. काही बोलणी रांगडी आहेत. आजी एकदोनदा भुवया उंचावील. चित्रपट संपल्यावर धाकटी विचारील की, आईपासून लपविले ते बरोबर होते का. आजी 'नाही' म्हणेल, मुलगा 'दुसरे काय करणार होते ते?' म्हणेल, आणि जेवणाची पाने वाढून होईपर्यंत वाद चालेल. त्या रात्री मोबाइल माडीवर एकटाच पडलेला असेल.