बायपासनंतरची धमनी : नुसती नळी नव्हे

रंकाळ्यावर पहाटे फिरायला येणाऱ्यांत बायपास झालेला माणूस ओळखणे अवघड नसते. सदऱ्याच्या वरच्या बटणाजवळून छातीवरची उभी रेघ डोकावते. कुणाच्या पोटरीवर लांब व्रण, कुणाच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत. गप्पा होतात त्या ‘तीन घातल्या की चार’ यावर. खरे तर विचारायला हवे, त्या कुठून काढून घातल्या?

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी चोंदली की अडथळ्याच्या पुढे रुग्णाच्याच शरीरातली दुसरी रक्तवाहिनी जोडायची, ही बायपासची कल्पना. पायातली शीर सहज मिळते आणि लांबही असते. पण ती कमी दाबाने रक्त परत नेण्यासाठी घडलेली. धमनीचा दाब अंगावर आला की तिची भिंत जाड होऊ लागते, पुढे आत चरबी साचते. दहा वर्षांत अशा सुमारे निम्म्या शिरा अरुंद किंवा बंद झालेल्या आढळतात.

छातीच्या हाडामागून उतरणारी इंटर्नल मॅमरी धमनी मात्र दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊ जणांत वाहती असते. तिचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड भरपूर तयार करते. त्यामुळे ती सैल राहते आणि गुठळी सहसा धरत नाही. शिवाय बहुधा ती पूर्ण तोडत नाहीत. वरचे टोक हाताकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला जोडलेलेच राहते, खालचे तेवढे हृदयावर शिवतात. हृदयाची मागणी वाढली की ती हळूहळू रुंदही होते. लेनिनग्राडच्या कोलेसोव्ह यांनी १९६४ मध्येच ती वापरली होती. तरी सोपी म्हणून शीरच रूढ झाली. १९८६ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकने दहा वर्षांचे निकाल मांडले, तेव्हा कुठे सर्जन पुन्हा तिच्याकडे वळले.

ही धमनी हट्टीही आहे. मूळ वाहिनीतला अडथळा किरकोळ असेल, तर रक्त जुन्याच वाटेने जाते आणि नवी धमनी आक्रसून दोऱ्यासारखी होते. उसाच्या रानात वापर नसलेला पाट गवताने बुजतो, तसेच. म्हणून दिसेल त्या अडथळ्यावर ग्राफ्ट घालत नाहीत. मनगटाकडची धमनी तर याबाबत आणखी नाजूक. तिला पेटके येतात. ते टाळायला सुरुवातीचे काही महिने वेगळ्या गोळ्या देतात. ‘आता बरे वाटते’ म्हणून त्या परस्पर बंद करणे महागात पडते. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी बहुतेकांना कायमची असते, कारण ग्राफ्ट नवा असला तरी मूळ आजार, मधुमेह आणि तंबाखूची सवय जुनीच असते.

आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. डाव्या बाजूची मॅमरी धमनी वापरली असेल, तर रक्तदाब दोन्ही हातांवर मोजून घ्यावा. डाव्या हातावर तो बराच कमी भरत असेल, किंवा त्या हाताने बादली उचलताना छातीत दुखत असेल, तर हाताकडची मोठी धमनी अरुंद झाल्याची शंका येते. अशा वेळी हृदयाचे रक्त उलटे हाताकडे ओढले जाते. हे डॉक्टरांना लगेच सांगायला हवे.

डॉ. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० मध्ये ब्रिटनमध्ये झाली. जानेवारी २००९ मध्ये, पंतप्रधान असताना, दिल्लीच्या एम्समध्ये मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडा यांच्या पथकाने त्यांच्यावर पुन्हा बायपास केली. तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले, ९२ व्या वर्षी.