न झालेल्या भांडणांचे बक्षीस

सार्वजनिक सुरक्षेच्या कामातील मानसन्मान बहुतेक घडून गेलेल्या गोष्टींसाठी असतात. दरोडा उघडकीस आणला, पुरात उडी घेऊन माणूस वाचवला, चकमकीत जीव धोक्यात घातला, की त्याची नोंद होते आणि पुढे पदक मिळते. राष्ट्रपतींची पोलीस पदके प्रजासत्ताक दिनी व स्वातंत्र्यदिनी जाहीर होतात. राज्यात पोलीस महासंचालकांचे सन्मानचिन्ह महाराष्ट्र दिनाच्या सुमारास दिले जाते. 21 ऑक्टोबर 1959 रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात दहा पोलीस जवानांना वीरमरण आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या तारखेला देशभर पोलीस स्मृतिदिन पाळतात. हे सारे मान रास्तच आहेत. पण जी मारामारी झालीच नाही, जिच्यात कुणाचे डोके फुटले नाही, तिचा पंचनामा नसतो आणि ती टाळणाऱ्या माणसाचे नाव कुठल्या अहवालात येत नाही. सुरक्षेचे सर्वांत मोठे काम मात्र तिथेच होत असते.

हे न दिसणारे काम मोजायचे आणि त्याला रोख बक्षीस द्यायचे, असा एक मोठा प्रयोग महाराष्ट्राने केला. 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम ती हीच. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांची ही कल्पना. ग्रामविकास खाते सांभाळताना त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले होते आणि बक्षिसाची चुरस लागली की अख्खे गाव झाडू हातात घेते, हे त्यांनी पाहिले होते. तीच चुरस त्यांनी भांडणे मिटवण्याकडे वळवली. पोलीस खात्याने राबवलेल्या या मोहिमेचा पुरस्कार पोलिसाला मिळत नव्हता, ठाण्याला मिळत नव्हता. तो गावाला मिळत होता. मला या मोहिमेतली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते.

परभणीसारख्या जिल्ह्यात तिचे मोल का होते, ते समजून घ्यायला शिवारात जावे लागते. परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम असे नऊ तालुके, मधून वाहणारी गोदावरी, तिला मिळणारी पूर्णा, पूर्णेला मिळणारी दुधना, आणि बहुतेक ठिकाणी काळी भारी जमीन. सोयाबीन, कापूस, तूर, ज्वारी ही इथली पिके. इथल्या गावात पोलीस येण्याचे कारण पुष्कळदा बांध हे असते, नाहीतर शेतात जायची वाट.

दोन शेतांमधला बांध, म्हणजे इकडचा धुरा, एका रात्रीत कुणी सरकवत नाही. नांगरटीच्या वेळी एक तास धुऱ्याला लागून जास्त घेतले जाते, पुढच्या वर्षी आणखी एक. दोनशे मीटर लांबीचा धुरा अर्धा मीटर आत सरकला, तर शंभर चौरस मीटर जमीन जाते. एक गुंठा म्हणजे 101 चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे नुसत्या नांगराच्या फाळाने, कुणाच्या लक्षात येण्याआधी, जवळपास गुंठाभर जमीन शेजाऱ्याकडे जाते. त्यात ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि हद्दीचे दगड कलतात किंवा गाडले जातात. मग मोजणी मागवायची, भूमी अभिलेख कार्यालयात पैसे भरायचे, भूमापक यायची वाट पाहायची. मराठवाड्यात जुना पुरावा शोधायला निघाले, तर वाट थेट हैदराबाद संस्थानापर्यंत जाते. सेतवार काढावा लागतो, खासरा पाहावा लागतो, आणि निजामकाळातला कागद उर्दूत असला तर तो वाचून देणारा माणूस आधी गाठावा लागतो.

वाटेचे भांडण याहून पेटते. पाणंद मोडून पेरणी झालेली असते, किंवा पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असलेली वाट नव्या मालकाने नांगरलेली असते. जूनमध्ये खताच्या गोण्या आत न्यायच्या असतात आणि ऑक्टोबरमध्ये मळणीयंत्र. सोयाबीनची गंजी शेतात पडून आहे, आभाळ भरून आले आहे, आणि वाटेवर शेजारी काठी घेऊन उभा आहे: अशा वेळी शहाणा माणूससुद्धा शहाणा राहत नाही. कायद्यात सोय आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदार हद्दीवरून रस्ता देऊ शकतात, आणि मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली अडवलेली वाट मोकळी करून देऊ शकतात. पण अर्ज, नोटीस, स्थळपाहणी, आदेश आणि त्यावरचे अपील यांत हंगाम निघून जातो.

त्या मधल्या काळात काय होते, ते ठाण्यातल्या नोंदीतून कळते. आधी शिवीगाळीची एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. मग समोरच्याची उलट एनसी. मग चॅप्टर केस, दोघांकडून शांततेचे बंधपत्र. मग एखाद्या सकाळी कुऱ्हाडीचा दांडा, सरकारी दवाखाना आणि गुन्हा. दोन्हीकडचे चुलतभाऊ आरोपींच्या यादीत येतात, वकीलपत्रे होतात आणि तारखा सुरू होतात. दोन्ही घरांचे मिळून जे पैसे जातात, त्यात त्या वादातल्या गुंठ्यासारखे कितीतरी गुंठे विकत घेता आले असते. तंटामुक्त मोहिमेने नेमकी ही साखळी पहिल्या एनसीच्या आधी, नाही तर निदान कुऱ्हाडीच्या आधी तोडायची ठरवली.

रचना साधी होती. ग्रामसभेने तंटामुक्त गाव समिती निवडायची. तिचा अध्यक्ष गावातला मान असलेला माणूस. अवैध धंदे करणाऱ्याला तिच्यात जागा नाही, महिलांना आणि सर्व समाजघटकांना मात्र स्थान. पोलीस पाटील निमंत्रक. हा पोलीस पाटील म्हणजे आपल्या सुरक्षाव्यवस्थेतला सर्वांत दुर्लक्षित दुवा आहे. वतनदारी गेली आणि 1967 च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने हे पद नव्याने उभे राहिले. आता परीक्षा देऊन नेमणूक होते. त्यांचे मानधन दरमहा 15,000 रुपये करण्याचा निर्णय व्हायला 2024 साल उजाडावे लागले. कुणाच्या घरात काय धुमसते आहे, कुणी कुणाकडे बोलणे टाकले आहे, हे बीट अंमलदाराच्या कितीतरी आधी त्यांना ठाऊक असते.

समितीने पहिल्यांदा गावातल्या तंट्यांची यादी करायची: दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर. मग दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायचे. मिटले तर तडजोडनामा लिहायचा, सह्या-अंगठे घ्यायचे आणि प्रकरण आधीच कोर्टात असेल तर लोकअदालतीसमोर न्यायचे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ दिलेले आहे, त्यामुळे पारावर झालेली तडजोड तिथे पक्की होते.

आता मोजमापाकडे. खरी कल्पकता मला इथे दिसते. मोहिमेत 200 गुणांची परीक्षा होती. गुण केवळ मिटवलेल्या तंट्यांना नव्हते. तसे असते तर गावांनी मिटवण्यासाठी तंटे उकरून काढले असते. नवे तंटे उद्भवू नयेत म्हणून गावाने काय केले, यालाही भरीव गुण होते: दारू-जुगाराला आळा, ग्रामसुरक्षा दल, सण-उत्सव शांततेत पार पाडणे, जातीय सलोखा. तपासणी आधी जिल्ह्यातल्या समितीने करायची, मग जिल्ह्याबाहेरच्या समितीने येऊन नोंदवह्या, तडजोडनामे पाहायचे आणि गावकऱ्यांशी बोलायचे. आपल्या जिल्ह्याचा आकडा फुगवण्याचा मोह प्रत्येक अधिकाऱ्याला होतो. परक्या जिल्ह्याचे डोळे हा त्यावरचा उपाय होता. पुरस्काराची रक्कम गावाच्या लोकसंख्येप्रमाणे लाखांच्या घरात असे, आणि 190 किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या गावाला विशेष शांतता पुरस्कार म्हणून पाव हिस्सा जादा. गावाचे नाव पेपरात येई, आणि मोहिमेची दखल घेणाऱ्या पत्रकारांसाठीही वेगळे पुरस्कार होते.

गांधीजींचे नाव या मोहिमेला शोभेचे म्हणून दिलेले नाही. दक्षिण आफ्रिकेत ते गेले ते दादा अब्दुल्ला यांच्या दाव्यासाठी. समोरचे तय्यब शेठ हे अब्दुल्लांचे नातेवाईकच. दावा 40,000 पौंडांचा. खटला चालत राहिला तर वकिलांची फी दोघांनाही बुडवील, हे पाहून गांधीजींनी दोघांना लवादाला राजी केले. दादा अब्दुल्ला जिंकले, पण 37,000 पौंड आणि खर्च एकरकमी द्यायचा तर तय्यब शेठ दिवाळखोर झाले असते. गांधीजींनी अब्दुल्लांना हप्ते घ्यायला तयार केले, आणि हे काम त्यांना लवादाला राजी करण्याहून अवघड गेले. वकिलाचे खरे काम दुभंगलेली माणसे जोडण्याचे, असा धडा आपण तिथे घेतला, असे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. गावातल्या समितीपुढेही पेच नेमका हाच असतो. कोण बरोबर आहे ते ठरवणे बहुधा सोपे असते, जिंकलेल्याला हप्ते घ्यायला लावणे कठीण.

भांडण घडण्याआधीच थांबवण्याच्या या विचाराला जगात दुसऱ्या अंगाने चालना मिळाली ती हर्मन गोल्डस्टीन यांच्यामुळे. या अमेरिकी अभ्यासकाने 1979 साली मांडले की पोलीस एका घटनेमागून दुसऱ्या घटनेच्या मागे धावतात. त्यांनी घटनांच्या मुळाशी असलेला प्रश्न हाती घ्यायला हवा. त्यांच्या नावाने 1993 पासून पोलिसांच्या कल्पक कामाला पुरस्कार दिला जाऊ लागला. आपल्याकडे भिवंडीत त्याच जातीचे काम झाले. 1984 च्या दंगलीत होरपळलेल्या या शहरात 1988 साली पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या, हिंदू-मुस्लीम शेजाऱ्यांना पोलिसांसह एका बैठकीत बसवले, आणि डिसेंबर 1992 व जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. न घडलेल्या दंगलीचे याहून ठळक उदाहरण महाराष्ट्रात नाही.

मोहिमेला मर्यादा होत्या, आणि त्या सांगितल्याशिवाय तिचे कौतुक करणे बरोबर नाही. समितीला मिटवता येत होते ते कायद्याने तडजोडपात्र गुन्हेच. खून, बलात्कार, दरोडा यांत तडजोड नाही. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराच्या 1989 च्या कायद्याखालचा गुन्हाही पारावर मिटवायचा नसतो. मराठवाड्यात ही रेघ ठळक ओढावी लागते. गावाला बक्षीस मिळवायचे आहे, म्हणून एखाद्या दलित कुटुंबाने तक्रार मागे घ्यावी, सासरी मार खाणाऱ्या सुनेने गप्प बसावे, असा दबाव येऊ शकतो. ज्याच्यावर असा दबाव आला, त्याच्या दृष्टीने ते गाव तंटामुक्त झालेलेच नसते. म्हणूनच समितीत कोण बसते हे गुणांहून महत्त्वाचे होते.

दुसरी मर्यादा: ही मोहीम गावांची होती, शहराची नव्हती. 10 डिसेंबर 2024 रोजी परभणी रेल्वे स्थानकासमोरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली आणि 15 डिसेंबरला कोठडीतल्या एका तरुणाचा मृत्यू झाला. तो कायद्याचा विद्यार्थी होता. त्या आठवड्याने परभणीकरांच्या मनावर जो घाव केला, तो भरलेला नाही. पोलिसांच्या वागणुकीबद्दलचा विश्वास हाही सुरक्षेचाच भाग आहे, आणि त्याला 200 गुणांच्या त्या तक्त्यात रकाना नव्हता. असा रकाना असायला हवा होता, असे मला ठामपणे वाटते.

पुढे मोहिमेचा जोर ओसरला. आर. आर. पाटील 16 फेब्रुवारी 2015 रोजी गेले. समित्या बहुतेक गावांत कागदावर आहेत, काही गावांत खरोखर चालतात, आणि अध्यक्षपदासाठी ग्रामसभेत चुरस होते ती अनेकदा गावातल्या राजकारणाची. मोहिमेचा गाभा मात्र इतर योजनांत दिसतो. 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. 2023 च्या सलोखा योजनेने तर धुऱ्याच्या जुन्या दुखण्यालाच हात घातला: एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असे किमान बारा वर्षे चालले असेल, तर दोघांनी संमतीने अदलाबदल करून घ्यावी, मुद्रांक शुल्क 1,000 रुपये आणि नोंदणी फी 1,000 रुपये. अदलाबदलीआधी तलाठ्याने जागेवर जाऊन पंचनामा करायचा आणि ताबा खरोखर कुणाकडे किती वर्षे आहे ते लगतच्या शेतकऱ्यांना विचारून लिहायचे, म्हणजे दस्त नोंदवून सातबाऱ्यावर दोन्ही नावे आपापल्या जागी येतात.