गोदावरीची दोन टोके

जिल्ह्याचा भूगोल म्हणजे सीमा, नद्या आणि पर्जन्यमान, असे आपण वर्गात शिकवतो. त्या हिशेबाने जालना जिल्हा चार वाक्यांत संपतो. १ मे १९८१ रोजी तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणीतील परतूर यांचा मिळून तो बनला. उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर, दक्षिण सीमेवर गोदावरी, मध्ये पूर्णा, दुधना, कुंडलिका. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या वर. साधारण सात माणसांमागे एक अनुसूचित जातीचा.

हा सातवा माणूस मात्र नकाशात सापडत नाही.

वारशाचेही तेच. जांबचे रामदास येतात, १८०३ ची असईची लढाई येते. भोकरदन क्वचित येते. केळणेकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन, सातवाहनकाळातील व्यापारी नगर. १९७३ च्या उत्खननात तेथे हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा मिळाला; त्याच धाटणीची मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली होती. सांचीच्या स्तूपावर भोगवर्धनच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. आमचा बौद्ध धम्म १९५६ साली नागपुराहून आयात झाला, असे ऐकवणाऱ्यांनी ती अवश्य वाचावीत.

आता पाण्याकडे वळू. १९७२ चा आणि २०१२-१३ चा दुष्काळ या जिल्ह्याने भोगला. जायकवाडीचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूरकडे जातो. पण कालवा जमिनीला पाणी देतो, भूमिहीनाला नाही. तो मंठ्याहून, घनसावंगीहून ऊसतोडीला जातो. याच कोरडेपणाचा आधार घेऊन काही अभ्यासकांनी १९७८ च्या नामांतर दंगलीचा अर्थ लावला. २७ जुलैला विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांची घरे पेटली. कारण काय? तर मागासलेपण, बेकारी, दुष्काळ. मला हे स्पष्टीकरण कधीच पटले नाही.

त्याचे उत्तर याच नदीच्या दुसऱ्या टोकाला मिळते. आंध्रात गोदावरी शाखांत फुटून समुद्राला मिळते, तो त्रिभुज प्रदेश म्हणजे कोनसीमा. नारळाच्या बागा, भाताची शेते. ऑर्थर कॉटनने धवळेश्वरमचा बंधारा १८५२ मध्ये पुरा केल्यापासून बारमाही पाणी. लोकसभेचे पहिले दलित अध्यक्ष बालयोगी याच अमलापुरमचे खासदार. एप्रिल २०२२ मध्ये हा नवा जिल्हा झाला. मे महिन्यात त्याला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याची घोषणा झाली आणि २४ मे रोजी अमलापुरमला जमावाने मंत्र्याचे घर जाळले. तिथे कोणता दुष्काळ होता? नाव पुढे कायम झाले, एवढा फरक. आमच्याकडे त्यासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, आणि तेही नामांतर नव्हे, नामविस्तार!

नावाचा प्रश्न विद्यापीठाच्या कमानीपुरता नाही. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, त्यांतून मराठवाड्यातल्या दलितांना गायरानाची वाट दिसली. १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करायची ठरली. पण त्यासाठी कसणाऱ्याची नोंद तलाठ्याच्या 'एक-ई' नमुन्यात, म्हणजे अतिक्रमणाच्या वहीत, असायला हवी. बाप-लेक दोघांनी कसलेल्या कितीतरी जमिनींचा पुरावा आजही तेवढाच आहे: दंडाची पावती. सातबाऱ्यावर मालक म्हणून सरकार.