इम्पॅक्ट रेंच घेताना पेटीवरच्या आकड्याला भुलू नका

गॅरेज टाकणारे बरेच जण दुकानात येऊन पहिलं विचारतात, "किती व्होल्टची आहे?" पेटीवर 48, 88 काहीही छापलेलं असतं. आत 3.6 व्होल्टचे पाच सेल ओळीने जोडलेले असतील तर ती 18 व्होल्टचीच बॅटरी. '20 व्होल्ट मॅक्स' म्हणजेही तीच, फुल चार्ज असतानाचा आकडा धरलेली.

बघायचा तो टॉर्क. लहान कारचे व्हील नट साधारण 100 न्यूटन-मीटरला कसतात, पण गंजलेला नट सोडवायला कितीतरी जास्त जोर लागतो. कारच्या कामाला अर्धा इंची, 300 ते 400 न्यूटन-मीटरची मशीन पुरते. 1000 वालीत पैसे अडकवायचे ते ट्रकचं काम येत असेल तरच.

कॉर्डलेस रॅचेट इंजिनच्या अडचणीच्या जागी सैल झालेला नट भराभर फिरवतं. जाम नट आधी हाताने सोडवावा लागतो. त्यामुळे ते नंतर घेतलं तरी चालतं, फक्त त्याच बॅटरीवर चालणारं घ्या. नुसती बॉडी स्वस्त पडते.

सॉकेट मात्र काळे, इम्पॅक्टचेच. चकचकीत क्रोमचा सॉकेट फुटून तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. आणि शेवटचं कसणं टॉर्क रेंचने करा. गिऱ्हाइकाच्या गाडीचा स्टड तुटला तर नवा तुमच्याच खिशातून बसतो, बरं का!