बिडाचा तवा : पारख आणि वापर

नंदुरबार, शहादें, तळोदें या बाजूच्या जुन्या घरांत तव्यांचा तुटवडा कधींच नव्हता. रोजच्या भाकरीसाठीं लोहारानें ठोकून दिलेला पातळ तवा, सणावारीं पुरणाच्या मांड्यांसाठीं चुलीवर उपडें घालावयाचें मातीचें खापर, आणि दाणे, भाजणी भाजावयास खोलगट लोखंडी कढई, एवढ्यावर खान्देशच्या गृहिणीचें सारें भागत असे. या मंडळींत अलीकडे एका जड पाहुण्याची भर पडली आहे. तो म्हणजे बिडाचा तवा. कोंकणांत घावन-आंबोळ्यांसाठीं तो पिढ्यान्‌पिढ्या वापरांत आहे. आपल्याकडे तो येतो तो बहुधा पुण्यामुंबईकडील सुनेच्या सामानांतून, नाहीं तर घरबसल्या मागविलेल्या खोक्यांतून. आल्यावर महिन्याभरांत त्याचें भवितव्य ठरतें. एक तर घरांतील कोणास दुसरा तवा चालेनासा होतो, नाहीं तर पहिलें धिरडें चिकटलें, दुसरें फाटलें, असें होऊन तो माळ्यावर जाऊन पडतो. दोष बहुतेक वेळां तव्याचा नसतो. बीड ही काय चीज आहे हें ठाऊक नसल्यामुळें त्याच्याकडून भलत्याच अपेक्षा केल्या जातात, इतकेंच.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. लोहाराचा किंवा घिसाड्याचा तवा तापवून, घण घालून रुंद केलेला असतो. बिडाचा तवा मात्र लोखंडाचा रस करून वाळूच्या सांच्यांत ओतलेला असतो. शुद्ध लोखंड वितळावयास सुमारें १५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते. त्यांत दोनपासून चार टक्क्यांपर्यंत कार्बन मिसळला कीं तें ११५० ते १२०० अंशांच्या सुमारासच पातळ होतें. म्हणून तें ओतण्यास सोपें. परंतु त्याच कार्बनामुळें तें ठिसूळही होतें. ठोकीव तवा फरशीवर पडला तर वांकेल, बिडाचा तवा फुटेल. इंग्लंडांत अब्राहम डार्बी यानें वाळूच्या सांच्यांत लोखंडी भांडीं ओतण्याच्या कृतीचें पेटंट १७०७ सालीं घेतलें, आणि पुढें दोनच वर्षांनीं, १७०९ सालीं, दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळून दाखविलें. ज्या यंत्रयुगाच्या थोरवीचे धडे आपण शाळेंत वाचतों, त्याच्या आरंभीं स्वयंपाकाचीं भांडीं होतीं हें फारसें कोणी सांगत नाहीं.

आपल्या प्रांतांत लोखंडाच्या ओतकामाला घरोघरीं ओळख मिळाली ती नांगरामुळें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानांतील कुंडल रोड स्टेशनाजवळ आपला कारखाना वसविला. त्यांचा लोखंडी नांगर प्रथम बाजारांत आला तेव्हां लोखंडाचें विष जमिनींत उतरून ती नासेल, अशी शंका शेतकऱ्यांनीं काढली होती, आणि पहिले नांगर खपावयास बराच काळ जावा लागला. आज तव्याच्या बाबतींत उलट प्रकार दिसतो. लोखंड अन्नांत उतरतें म्हणून लोक तो मुद्दाम घेतात. ही समजूत कितपत खरी, तें पुढें पाहूं.

आधीं विकत घेण्याविषयीं. यात्रेंत वा आठवड्याच्या बाजारांत पालावर मांडलेला काळा तवा दिसला कीं तो बिडाचाच, असें समजूं नये. कडा पातळ असतील आणि पाठीवर घणाचे चट्टे दिसत असतील, तर तो ठोकीव. तो वाईट असतो असें नव्हे. भाकरीस तोच चांगला. बिडाचा तवा सगळीकडे सारखा जाड असतो, अंगावर वाळूचा बारीक रवा जाणवतो, आणि कान किंवा दांडा अंगाबरोबरच ओतलेला असतो. दांडा मागाहून खिळ्यांनीं बसविला असेल तर तो सोडून द्यावा, कारण तो कालांतरानें खिळखिळा होतोच. तवा एका कानानें अधांतरीं धरून बोटाच्या पेरानें टिचकी मारावी. खणखणीत नाद आला तर अंग निर्दोष. बद्द आवाज आला तर कोठें तरी केसाएवढी चीर आहे असें समजावें. मग तो उजेडाकडे धरून पाठपोट पाहावें. ओततांना हवा राहिल्यानें पडलेलीं भोकें कित्येकदां मेण व काजळी भरून झांकलेलीं असतात, तीं नखानें उकरलीं कीं उघडीं पडतात. शेवटीं तवा सपाट फरशीवर ठेवून दाबून पाहावा. तो डुलत असेल तर चुलीवर एक वेळ चालेल, परंतु विजेच्या सपाट शेगडीवर उपयोगाचा नाहीं.

मोठा तवा घेण्याचा मोह एकत्र कुटुंबांत होतोच. पंधरा माणसांची पंगत, मग बारा-चौदा इंची तवा नको का? आमचें मत याच्या विरुद्ध आहे. दहा इंची तवाच दोन किलोंच्या घरांत जातो. तो एका हातानें उचलून, तापलेला बाजूस ठेवून, पुन्हां उचलावयाचा, हें काम घरांतील ज्या बाईच्या मनगटावर पडतें तिला विचारूनच आकार ठरवावा. एका अवजड तव्यापेक्षां नऊ इंची दोन तवे दोन आंचांवर ठेवले तर काम लवकर उरकतें आणि पाठही राहते.

नवा तवा घरीं आणला कीं प्रथम ऊन पाणी व साबण लावून त्यावरचें मेण, तेल व काजळी साफ काढावी, आणि तो लगेच मंद आंचेवर खडखडीत कोरडा करावा. मग बोटभर शेंगदाण्याचें तेल फडक्यानें दोन्ही बाजूंस चोळावें. खरी मेख पुढें आहे. चोळलेलें तेल कोरड्या फडक्यानें जवळजवळ सर्व पुसून काढावें, इतकें कीं तेल लावलेंच नाहीं असें वाटावें. मग तवा धूर निघेपर्यंत तापवावा आणि आपोआप निवूं द्यावा. असें तीनचार वेळां केलें म्हणजे तेलाचे कण उष्णतेनें एकमेकांस जोडले जाऊन लोखंडावर एक कठीण, काळसर पापुद्रा धरतो. अन्न चिकटत नाहीं तें या पापुद्र्यामुळें. तेल जाड राहिलें तर मात्र पापुद्र्याऐवजीं चिकट राप बसतो, आणि तो घालवावयास दुप्पट श्रम पडतात. कोणी जवसाच्या तेलाची शिफारस करतात. तें लवकर घट्ट होतें खरें, पण त्याचे पोपडेही लवकर सुटतात. आपल्या घरांत नेहमीं असतें तें तेल पुरेसें आहे.

आतां स्वयंपाक. बीड तापतें सावकाश आणि निवतेंही सावकाश. ॲल्युमिनियम उष्णता बिडाच्या चौपट वेगानें पसरवितें. म्हणून मोठ्या आंचेवर घाईनें तापविलेल्या बिडाच्या तव्याचा मध्य जळतो आणि कडा थंड राहतात. मंद आंचेवर पांच-सात मिनिटें द्यावीं. पाण्याचे दोन थेंब शिंपडल्यावर ते चुरचुरून न आटतां मोत्यासारखे नाचूं लागले कीं तवा तापला. त्यावर अर्धा कांदा कांट्याला टोंचून तेलांत बुडवून फिरवावा आणि मग धिरडें घालावें. धिरडें आपण होऊन सुटेपर्यंत उलथणें लावूं नये, ही एक गोष्ट संभाळली तर निम्मीं भांडणें मिटतात.

या तव्याची खरी बहार थालिपिठांत. थंड गोळा थापला तरी जाड लोखंडांत सांठलेली उष्णता एकदम उतरत नाहीं. झांकण ठेवून मंद आंचेवर दिलें कीं भोंकांतून सोडलेलें तेल तळाशीं सावकाश तळत राहतें आणि तांबूस, खमंग पापुद्रा धरतो. मिरचीचा बाजार ज्या गांवचा प्रसिद्ध, त्या नंदुरबारकरांस ठेच्याविषयीं आम्हीं काय सांगावें? तरी एवढें सांगतों कीं हिरव्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे याच तव्यावर भाजून, मीठ घालून, तेथेंच तांब्याच्या बुडानें रगडावे. पांढऱ्या कांद्याचें पिठलेंही त्यावर सुरेख होतें. कडेला धरलेली खरपुडी पोरें ओरबाडून खातात.

भाकरीस मात्र हा तवा आम्ही सुचवीत नाहीं. दादर ज्वारीच्या भाकरीला वर पाण्याचा हात फिरवावा लागतो, आंच मोठी लागते, आणि तवा वारंवार उतरवून भाकरी निखाऱ्यावर फुगवावी लागते. या घाईंत तापलेल्या बिडावर थंड पाण्याचा हबका बसला तर तें तडकण्याची भीति असते. तेथें आपला ठोकीव तवाच शहाणा. चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक यांचे पदार्थही बिडाच्या तव्यावर फार वेळ ठेवूं नयेत. आंबटानें पापुद्रा विरतो, भाजी काळी पडते, आणि तोंडाला लोखंडी चव येते.

न चिकटणाऱ्या लेपाच्या भांड्यांची संवय झालेल्यांना हा सारा खटाटोप वाटेल. औरंगाबादेंत १९६८ सालीं ‘निर्लेप’ निघालें आणि पुढें तें नांवच मराठी घरांत अशा तव्याला पडलें. तें सोयीचें आहे, यांत शंका नाहीं. परंतु तो लेप खरवडला कीं तवा संपला, आणि २६० अंशांच्या वर तो बिघडूं लागतो. म्हणून रिकामा तवा आंचेवर विसरणें तेथें बरें नव्हे. बिडाचा पापुद्रा गेला तर घरींच पुन्हां धरतां येतो.

आतां रक्ताचा प्रश्न. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांचें रक्त कमी प्रतीचें आढळलें. लोखंडी भांड्यांतून अन्नांत लोह उतरतें हें प्रयोगानें सिद्ध आहे. इथिओपियांत मुलांच्या एका गटास लोखंडी व दुसऱ्यास ॲल्युमिनियमच्या भांड्यांत शिजविलेलें अन्न वर्षभर दिलें, तेव्हां पहिल्या गटाचें हिमोग्लोबिन अधिक वाढलें. हा प्रयोग १९९९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झाला. पण त्यांत एक गोम आहे. अन्न जितकें ओलें, आंबट आणि जितका वेळ तें भांड्यांत शिजतें, तितकें लोह अधिक उतरतें. म्हणजे ज्या पदार्थांनीं तव्याचा पापुद्रा बिघडतो तेच लोह देणारे, आणि चांगल्या मुरलेल्या तव्यावरील कोरडें धिरडें त्या मानानें थोडेंच देणार. ज्यांना लोहासाठींच भांडें हवें त्यांनीं वरण, पालेभाजीकरितां साधी लोखंडी कढई निराळी ठेवावी, अन्न शिजल्यावर तें तींत न ठेवतां लगेच काढावें, पानावर लिंबू घ्यावें आणि जेवणावर लागलीच चहा पिऊं नये. चहामुळें लोह अंगीं लागत नाहीं.

नंदुरबार जिल्ह्यांत याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या लोकसंख्येंत २०११ च्या जनगणनेप्रमाणें सुमारें ६९ टक्के आदिवासी आहेत, आणि भिल्ल, पावरा इत्यादि समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार बराच आढळतो. त्यांत तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन लवकर फुटतात. चेहरा तोच फिकट, थकवाही तोच. परंतु कारण लोहाची उणीव हें नव्हे, आणि लोखंडी तवा त्यावर औषध नव्हे. ज्यांना वरचेवर रक्त द्यावें लागतें त्यांच्या अंगांत तर लोह सांचून अपाय होतो. आपल्या घरीं कामास येणारी मुलगी दमलेली दिसली म्हणजे तिला गूळदाणे खा, लोखंडांत शिजव, असा उपदेश करण्याची आपणां सुशिक्षितांस हौस असते. त्याऐवजीं तिची रक्ततपासणी झाली आहे का, हें आधीं विचारावें. केंद्र सरकारनें १ जुलै २०२३ पासून या रोगाच्या निर्मूलनाची मोहीम हातीं घेतली आहे, आणि तपासणी सरकारी दवाखान्यांत होते.

आपल्या स्वतःच्या घरांतही तव्यावर फार भिस्त ठेवूं नये. पुरुष व मुलें उठल्यावर उरल्यासुरल्यावर बसणाऱ्या सुनेच्या पानांत भाजीच उरली नसेल, तर ती लोखंडांत शिजली होती कीं पितळेंत, याला काय अर्थ? निदान घरांत गर्भवती किंवा बाळंतीण असेल तेथें तरी तिचें पान पहिल्या पंगतींतच वाढावें. वडीलधाऱ्या बायकांनीं हें एकदां ठरविलें कीं होतें; सुनेनें स्वतः म्हणून होत नाहीं.

राहतां राहिली निगा. काम झाल्यावर तवा कोमट असतांनाच पुसावा, लागल्यास जाड मिठानें घासून धुवावा. सौम्य साबणाच्या एका हातानें मुरलेला पापुद्रा जात नाहीं, पण रात्रभर पाण्यांत भिजत ठेवलेला तवा सकाळीं तांबडा झालेला आढळतो. भांडीं घासणाऱ्या बाईंना आधींच सांगून ठेवावें, नाहीं तर त्या बिचाऱ्या राखेनें तो चांदीसारखा लख्ख करून ठेवतील आणि तीन महिन्यांची मेहनत मोरींतून वाहून जाईल. पावसाळ्यांत, विशेषतः नवापूर, धडगांव या डोंगराकडच्या भागांत, आठ दिवस वापर नसला तरी गंज धरतो. म्हणून तेलाचें बोट फिरवून, वर्तमानपत्रांत गुंडाळून तो कोरड्या फळीवर ठेवावा. गंज चढलाच तर घांसणीनें खरवडून, धुवून, वाळवून पुन्हां पहिल्यापासून तेल द्यावें. चीर गेलेला तवा मात्र डाग देऊन सांधण्याच्या भानगडींत पडूं नये. तो भंगारवाल्याच्या कांट्यावर घालावा.